हळदीची चौकट
आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं केलं ते एवढंच, भिंतीवरच्या तक्त्यात तिच्या साखरेची त्या दिवसाची चौकट रंगवली. दवाखान्याचा तक्ता लाल-हिरवा होता, अन् मला ते दोन रंग जन्मापासून सारखेच. "मेंढरावरची खूण दिसत नाय, माझी साखर काय दिसणार तुम्हाला?" म्हणत तिनंच रंग बदलले. साखर ठीक असली की हळद, वाढली की कपड्याची नीळ. त्या संध्याकाळी साखर लई वाढली होती. "आज हळदच लावा की, कोण बघतंय?" ती म्हणाली. "मी बघतोय ना," म्हणत मी निळीचं बोट टेकवलं. ती रुसून झोपली, ती उठलीच नाय. सकाळी बायांनी तिला हळद-कुंकू लावलं, तेव्हा त्याच वाटीतली हळद बोटावर घेऊन मी नव्या दिवसाची कोरी चौकट पिवळी केली.