पाव्हण्याची हाक

आमच्या जावयांसारखा पाव्हणा श्रीगोंदा तालुक्यात आजवर कुणाच्या ओसरीवर बसला नाही आणि पुढं बसणारही नाही. जामखेडकडचं घर, मुंबईला कॉम्प्युटर नावाच्या यंत्रावर नोकरी, आणि अंगानं असे बारीक की उन्हात उभे राहिले तर सावली पडेल का नाही याची शंका यावी. बोलणं हळू, चालणं हळू, नजर कायम समोरच्याच्या डोक्यावर वीतभर. लग्नात अंतरपाट दूर झाला तरी हे वरच बघत होते. आमच्या सुमननं गळ्यात हार घातला तेव्हा दचकले. भावकीत कुजबुज झाली. मी म्हणालो, "पोरगं इचारात हाय, दुसरं काय न्हाई." एकदा हो म्हटलं की मी शब्द मागं घेत नाही, माणूस खुळा निघाला तरी नाही.

खूळ कळलं ते धोंड्याच्या महिन्यात, पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा. दाराच्या चौकटीवर त्यांनी तीन टिचक्या मारल्या, डोळे मिटले आणि उंबऱ्याबाहेर नुसते उभे राहिले. मी "या, या" म्हणालो, हिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, तरी उभेच. शेवटी सुमन माझ्या कानाशी लागली, "तात्या, नुसतं शून्य म्हना. त्याबिगर ते आत येत न्हाईत." शून्य! मी दुसरीत असताना मास्तरांनी माझ्या पाटीवर शून्य काढलं, तेव्हा ती पाटी तिथंच ठेवून मी घरी आलो, तो परत त्या शाळेकडं तोंड केलं नाही. आणि जावयाला दारात शून्य म्हणू? "म्हननार न्हाई," मी म्हणालो. मग सुमनच म्हणाली. तसे ते डोळे उघडून हसत आत आले, जणू आत्ताच गाडीतून उतरले होते.

जेवायला बसले तर तीच रीत. त्यांच्या लेखी पाच म्हणजे ताक. डाव्या हातात वाटी, उजव्याची पाच बोटं वर आणि डोळे मिटलेले. हिला वाटलं, पाव्हण्यांना आणखी पाच धोंडे हवेत, वर वाटीभर तूप. तिनं वाढलं. डोळे उघडून त्यांनी ताटातले ते पुरणाचे गोळे बराच वेळ पाहिले. "घरधन्यानं दिलेलं उत्तर पाहुण्यानं नाकारायचं नसतं," म्हणाले, आणि पाचही खाऊन ओसरीवर आडवे झाले. "अवं, गुणाचा हाय जावई," ही मला म्हणाली. "मागतो तेवढं खातो तरी."

ऊन कलल्यावर विहिरीच्या काठी लिंबाखाली बसून मी विचारलं, ही कुठली रीत? तर म्हणाले, "मामा, आमच्या मोठ्या यंत्राच्या पोटात आणखी यंत्रं राहतात. खरी नव्हेत, भासाची. त्यांना आम्ही पाहुणे म्हणतो. प्रत्येक पाहुण्याला वाटतं, सबंध घर आपलंच."

"जावयालाबी वाटतंच की," मी म्हणालो.

टोमणा त्यांच्या डोक्यावरून वीतभर गेला. "पण चूल, पाणी, कोठार सगळं घरधन्याच्या हातात. काही हवं तर पाहुण्यानं रीतसर हाक मारायची. काय हवं त्याचा आकडा एका हातात, कशात हवं ते दुसऱ्या हातात. मग थांबायचं. घरधनी काम करीपर्यंत पाहुण्याचा जीव जिथल्या तिथं उभा. जाग येते तेव्हा त्याला वाटतं, मधे वेळ गेलाच नाही. आणि उत्तर शून्य आलं, की सगळं ठीक."

"ठीकला शून्य? मंग एक का न्हाई?"

"बिघाड नाना तऱ्हेचे, मामा, त्यांना आकडे लागतात. ठीक एकाच तऱ्हेचं असतं."

बोलता बोलता ते विहिरीत बघत राहिले. पाणी तळाला गेलेलं, त्यात आभाळाचा रुपयाएवढा तुकडा. मलाही घटकाभर वाटलं, खाली दुसरं एक गाव असेल, आणि तिथला कुणी म्हातारा वर बघून हाक मारत असेल.

पुढं दुष्काळाच्या सालात सुमनला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरचं. पण मूल आडवं होतं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही जिवांना धोका आहे, मुंबईलाच ऑपरेशन करावं लागेल. ही तिकडं गेली, मी बैलांपायी मागं राहिलो. ठरल्या दिवशी सकाळपासून पोस्टात फोनापाशी बसून होतो. गावातली चार माणसंही येऊन बसली. बाहेर पान हलत नव्हतं. दुपारी ट्रंककॉल आला. आधी नुसती खरखर, लांबून कुणी वाळू ओतावी तशी, आणि त्यातून जावयांचा आवाज, "मामा! दोन शून्य! दोन—" आणि लाइन तुटली.

"काय म्हनले, तात्या?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"दोन शून्य."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "दोघंबी गेली रं," मागं कुणीतरी हळू म्हणालं. "तात्या, खाली बसा." मी बसलो नाही. डोळ्यांपुढं ती पाटी उभी राहिली, तिच्यावरचं पांढरं, वाटोळं शून्य. मग त्याच्या शेजारी आणखी एक आलं. एक मोठं, एक त्याच्या कुशीत लहान. आणि मला विहिरीच्या तळचं आभाळ आठवलं.

"टोपी घाला, मास्तर!" मी ओरडलो. "ठीक हाय! दोघंबी ठीक हाईत!" आणि हसत सुटलो.

"डोस्क्यावर परिनाम झाला," पोस्टमास्तर म्हणाले. मी पेढे आणवले, कुणी तोंडाला लावेना. तासाभरानं पुन्हा फोन आला आणि ही इतकी मोठ्यानं ओरडली की सगळ्या पोस्टानं ऐकलं, "अवं, नात झाली, नात! सुमन बरी हाय!" तेव्हा पुडा रिकामा झाला. मला त्या दुसऱ्या फोनाची गरज नव्हती.

आता ते तिघं परदेशात आहेत, त्याच पाव्हण्यांच्या यंत्रापायी. तिथून आमच्या गावाला फोन लागत नाही. भर दुपारी ही निजली, की मी दाराशी जातो, चौकटीवर तीन टिचक्या मारतो आणि डोळे मिटून उभा राहतो. लोक म्हणतात, तात्यांनी जावयाचं खूळ घेतलं. म्हणू देत. वाऱ्यानं कडी वाजते, लांब कुठंतरी मोट कुरकुरते, आणि मी उभाच. हाक रीतसर गेली आहे. मधे वेळ गेला, असं धरायचंच नसतं. नात उंबऱ्यात येऊन शून्य म्हणेल, तेव्हा मी डोळे उघडीन. आणि तिला वाटेल, आजोबा आत्ताच येऊन उभे राहिलेत.