जिभेखाली गोळी नव्हती

"आयएनआर दीडच आहे. तुम्ही गोळ्या घेत नाही," अकोल्याचे डॉक्टर म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले.

माझ्या हृदयातली खराब झडप काढून धातूची बसवली, त्याला तेव्हा चार महिने झाले होते. अशा झडपेवर रक्ताची गाठ धरू शकते, म्हणून वॉरफेरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यायची. आयएनआर म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी. माझा अडीच ते साडेतीन हवा होता. कमी राहिला तर गाठ, आणि गाठ सुटली तर लकवा, नाहीतर सरळ वरचं तिकीट.

"घेतो जी मी, रोज," मी म्हटलं. डॉक्टरांनी माझ्याकडे नाही, आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं आणि डोस वाढवला.

एसटीने हिवरखेडला घरी आलो. संध्याकाळी ह्यांनी गोळी माझ्या हातावर ठेवली, पाणी दिलं आणि म्हणाले, "तोंड उघड. जीभ वर कर."

बाई गं! दोन लेकरांची आई मी. तळपायाची आग मस्तकात गेली. तरी उघडलं तोंड, मरायचं मलाही नव्हतंच. हे मोबाईलचा उजेड पाडून बघायचे, सासूबाई दारातून बघायच्या. पुढच्या तपासणीत आयएनआर पुन्हा कमीच.

"खोटं कावून बोलून राहिली? मागून थुकते काय?" त्या दिवसापासून गोळीनंतर हे माझ्यासमोर ठाण मांडून बसू लागले. मोरीत गेले तर मागे मागे.

डोस आणखी वाढला. शेवटी डॉक्टरांनी भरती करून घेतलं. "इथे सिस्टर समोर गोळी देतील. मग कळेल." मला वाटलं, चला, एकदाचं खरं काय ते निघेल.

निघालं ते उलटंच. तीच गोळी, तेवढाच डोस, आणि आठवड्यात आयएनआर पाचाच्या वर. हिरड्यांतून रक्त यायला लागलं. डॉक्टरांनी गोळी थांबवली. "घरी घेत असत्या, तर तिथेही वाढला असता," ते म्हणाले. हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मलाच वाटायला लागलं, मी खरंच झोपेत थुंकते की काय? आजारापेक्षा ते वाईट. आपला आपल्यावरच भरवसा राहत नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाई पहिल्यांदाच घरून डबा घेऊन आल्या, तेव्हा डॉक्टरांचा राउंड चालू होता. "डाक्टर साहेब, इथलं पाण्यासारखं वरण खाऊन कुठं रक्त वाढते? घरी मी दोन्ही टाइम भाजी देतो हिले. मळ्यातला पालक, मेथी, ताटभर!"

डॉक्टर थांबले. डब्याचं झाकण काढलं. आत काठोकाठ पालक.

"रोज?"

"रोज जी. ऑपरेशन झालं तवापासून."

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. पालेभाजीत व्हिटॅमिन के असतं. गोळी रक्त पातळ करते, ते उलट काम करतं. दवाखान्यात भाजी बंद झाली आणि वाढवलेला डोस एकदम अंगावर आला. ऑपरेशननंतर घरी सोडताना "खाण्याकडे लक्ष द्या" एवढंच आम्हाला सांगितलं होतं. सासूबाईंनी लक्ष दिलं ते असं.

"भाजी सोडू नका. थोडी खा, पण रोज सारखी. डोस त्यावर बसवू." मग ह्यांच्याकडे वळून ते म्हणाले, "गोळ्या त्या घेत होत्या. आधी मीच विचारायला हवं होतं."

छाती उघडली तेव्हा रडले नव्हते, तिथे हमसून हमसून रडले. चोर सोडून संन्याशाला फाशी! सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांनी जीव लावून खाऊ घातलं होतं, त्यांना काय बोलणार?

तुमच्या घरी कुणाला ही गोळी असेल, तर ताटात काय वाढता तेही डॉक्टरांना सांगा. आणि माणूस "घेतली" म्हणतो, ते एकदा तरी खरं धरून बघा.

डॉक्टर गेल्यावर हे पलंगाजवळ आले. "मी भेलो होतो. तू जाशीन असं वाटे."

"भेव वाटे त जवळ बसाचं होतं. जेलर कावून झाले तुमी?"

आता माझी झडप ठीक आहे, रक्तही ठीक आहे. ह्यांच्यावर मात्र माझा विश्वास अजून बसायचा आहे.