आईचा हुंकार

मी चेहरे बनवते. कॉम्प्युटरवर. हाडामांसाच्या माणसासारखा चेहरा स्क्रीनवरून तुमच्याकडं बघतो, पापण्या मिटतो, "आज कसं वाटतंय?" असं विचारतो. मनातलं बोलायला ज्यांना कुणी नाही, त्यांनी त्याच्याशी बोलावं, असं आमचं संशोधन. गावी सोनईला शेजारणी आईला विचारायच्या, "तुमची लेक पुन्याला करती तरी काय?" आई बिनदिक्कत सांगायची, "चित्रातल्या बाईला बोलाया शिकवती." माझा पारा चढायचा. एवढी पीएचडी केली आणि हिच्या लेखी मी चित्रातल्या बाईची मास्तरीण! आता वाटतं, ती काय चुकीचं सांगत होती?

आमची ही बाई पहिल्यांदा तोंडावर आपटली ती सुप्याच्या एमआयडीसीत. एका कारखान्यातल्या बायका चहाच्या सुट्टीत एकेक करून टॅबसमोर बसायच्या, दोन वाक्यं बोलायच्या आणि गप्प. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसायच्या. एक तर उठलीच. म्हणाली, "म्याडम, ही नुसती टुकूटुकू बघती. मला न्हाई जमायचं." आम्ही महिनाभर स्क्रीनवरच्या बाईचे डोळे दुरुस्त केले, भुवया मऊ केल्या, हसू कमी केलं. फरक शून्य.

शेवटी एका रविवारी लॅपटॉप घेऊन मी सोनईला गेले. आई ओट्यावर मेथी निवडत होती. तिला म्हटलं, बोल हिच्याशी. ती गुडघ्याचं सांगायला लागली आणि दोन वाक्यांतच थांबली.

"अगं, हिला हुंकार देता येत न्हाई. मानूस बोलतंय तर मधीमधी हं म्हनाया नको का? भिताडाशी बोलल्यावानी वाटतंय."

कपाळावर हात मारून घेतला मी. लहानपणापासून ऐकत आले होते ते! आमच्याकडं कुणी काही सांगायला लागलं की समोरचा हं म्हणतो. नुसता मान हलवत बसला, तर सांगणारा विचारतो, "आयकतोस न्हवं?" आणि आमची बाई समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत सभ्यपणे तोंड मिटून बसलेली.

मग आईचाच हुंकार घ्यायचा ठरवलं. मधल्या खोलीच्या खिडक्यांना गोधड्या लावल्या, पंखा बंद केला, माईक तिच्या पदराला अडकवला. मी लिहून आणलेली दुःखं वाचायची आणि तिनं हं म्हणायचं. सासरचा जाच, झोप न लागणं, पोराचं व्यसन. वाचून वाचून माझा घसा सुकला. तिचा मात्र एकही हं दुसऱ्यासारखा नव्हता. काळजीचा वेगळा, धीर देणारा वेगळा. मी खूश. एरवी मी आठवड्याला फोन करायची तेव्हा ती हेच करायची म्हणा. मी बोलायची, ती हं म्हणायची आणि मी फोन ठेवायची.

तासाभरानं मी पान उलटत होते, तेव्हा ती म्हणाली, "तुला एक सांगू का? तुझे आप्पा गेल्यापासनं, सांज झाली की मला..."

"आई! बोलू नको गं मधे. फक्त हं म्हण. घामानं जीव चाललाय, उरकू दे ना."

"बरं," ती म्हणाली.

त्यानंतरचा तिचा हं सगळ्यांत चांगला आला. खोल, हळू, जरासा ओला. लॅबमध्ये सगळे म्हणाले, हाच हवा. तोच घातला. सुप्याच्या बायका बोलायला लागल्या, रडायला लागल्या. माझं कौतुक झालं, मी पेढे वाटले. आई काय सांगत होती, हे विचारायचं मात्र राहून गेलं. खोटं कशाला बोलू? राहून गेलं नाही, मला आठवलंच नाही. डोंबलाचं माझं संशोधन!

चार महिन्यांनी शेजारणीचा फोन आला. आईला लकव्याचा झटका. नगरच्या दवाखान्यात ती वाचली, हातपायही बरेचसे परत आले. शब्द नाही आले. बोलते ती, अगदी भरभरून बोलते, हातवारे करते, पण त्यातला एकही शब्द कुठल्या भाषेतला नाही. डॉक्टर म्हणाले, "त्यांना सांगायचं बरंच असतं, पण शब्द जुळत नाहीत."

मी सगळी रेकॉर्डिंग उपसली. ते अर्धं वाक्य तरी ऐकावं म्हणून जीव तळमळत होता. नव्हतं. फाईल साफ करताना मीच कापून फेकलं होतं. हं तेवढे सगळे जपून ठेवलेले. त्यातला त्या "बरं"नंतरचा हं कानाला लावून ऐकला आणि ढसाढसा रडले.

आता मी रजा काढून सोनईलाच आहे. परवा दिवेलागणीला तिला खाटेवर उशीला टेकवून भात भरवत होते, तर तिनं माझं मनगट घट्ट धरलं आणि बोलायला लागली. डोळ्यांतून पाणी. मला कळलं, हे तेच, मी मधेच तोडलेलं. हातातली ताटली खाली ठेवली. ती बोलत राहिली आणि मी हं म्हणत राहिले. तिच्यासारखाच म्हणायचा प्रयत्न केला, हळू, खोल.

एका जागी ती थांबली. भुवया वर करून माझ्याकडं बघत राहिली. काहीतरी विचारलं असणार तिनं.

मी म्हटलं, "हं."

 मग तिनं माझं मनगट सोडलं, कुशीवर वळली आणि भिंतीकडं तोंड करून उरलेलं सांगायला लागली.