आहेरात गेलेली फी

वर्गात पेपर चालू होता आणि माझी पोर बाहेर व्हरांड्यात बसली होती. फरशीवर. कंपासपेटी मांडीवर. सातवीतली पोर. येणारेजाणारे तिच्याकडे बघत होते, ती पेटीकडे.

पूर्णा गावातल्या गोडाऊनमधून, पॅकिंगची शिफ्ट अर्धी टाकायला लावून, मला शाळेत बोलावून घेतलं होतं. ऑफिसातल्या बाईंनी बसा म्हटलं नाही. पोरीलाही आत उभं केलं.

"फी कुठाय?"

मी तोंड उघडायच्या आत पोर बोलली, "आईने दिलेली, बाई. माझ्याकडून हरवली."

"हरवली, की खाल्लीस?" बाई हसल्या. क्लार्कही हसला. मग माझ्याकडे वळून, "तुम्हा गाववाल्यांचं हे असंच. हळदीला डीजे आणि फीला रडगाणं. हिलाही लावा गोडाऊनला. पॅकिंग तरी शिकेल."

मी पोरीचं दप्तर उचललं आणि तिला घेऊन बाहेर पडले.

त्या दिवशी तिथे सांगितलं नाही, ते आज लिहिते. फी हरवली नव्हती. ती मी पोरीच्या हातात दिलीच नव्हती.

घरचा पैसा माझ्या हातात. नवरा टेम्पो चालवतो, पगार आणून देतो, पुढे विचारत नाही. रेशन, गॅस, दोन पोरांची शाळा, सगळं मी बसवते. फीचे पाच हजार असेच महिन्यामहिन्याने मागे टाकलेले. चार दिवस आधी थोरल्या दिराच्या मुलाचं लग्न होतं. वाटणीत रस्त्यालगतची जमीन त्यांना आली, ती गोडाऊनला गेली, घर वर आलं. आमच्यात मांडवात आहेर माईकवर पुकारतात. नाव आणि रक्कम. जाऊ मला बाजूला घेऊन म्हणाली, "पाचशे पुकारले तर आमची मान खाली जाईल गो. सख्खी काकी हायस तू त्याची."

मी फीचं पाकीट दिलं. वर एक रुपया घातला. माईकवर नाव घुमलं तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, छाती भरून आली. पोर शेजारीच बसलेली. तिला सगळं कळलं होतं.

शाळेतून परतताना रिक्षात विचारलं, "खोटं का बोललीस गो बाय?"

"तुला बोलल्या असत्या ना, आये. मला सवय हाय."

सवय. म्हणजे हे रोजचं होतं. आणि मी कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ड्युटी मोडली. ऑफिसात गेले, खुर्ची ओढली, बसले.

"पोरीने काय हरवलं न्हाय. फी मी आहेरात घातली. चोर म्हणायचं तर मला म्हणा. पण पैसे मी थकवले आणि पेपर तिचा काढून घेतलात, तो कुठल्या नियमाने? कागदावर लिहून द्या."

या वेळी बाई हसल्या नाहीत. लिहूनही दिलं नाही. "झालेला पेपर परत होत नाही," एवढंच म्हणाल्या.

गणिताचा होता. तिच्या आवडीचा.

पोर आता माझ्याकडे काही मागत नाही. वही संपली तर जुन्या वह्यांतली कोरी पानं फाडून शिवते. माफी मागितली तर म्हणते, "जाऊ दे ना." रागावली असती तर बरं झालं असतं.

पगार झाला की पहिला हक्क पोरांचा. मग चूल. गोतावळ्याने नाव टाकलं तरी चालेल. आणि माझी लाज झाकायला ही पोर पुन्हा कधी खोटं बोलली, तर मी तिथल्या तिथे, चारचौघांत, तिला खोटी पाडीन.