जितेंद्रचा चौथा धंदा

मिठबावात जितेंद्रने धंदा काढला की गावाला पेढे आणि कुजबुजायला विषय, दोन्ही एकदम मिळत. आधी मोबाइल दुरुस्ती, मग चायनीजची गाडी, मग पर्यटकांसाठी दोन खोल्या. शेजारच्या गावात कुणाचं तरी बरं चाललंय एवढं कानावर आलं की हा लागलाच तयारीला. उद्घाटनाला अख्खी वाडी, आठवड्याने चिटपाखरू नाही.

खोल्याही रिकाम्या राहिल्या तेव्हा बायको रसिका शांतपणे म्हणाली, "मे महिन्यापर्यंत बघूया. नाय जमला तर मुंबयक जावया. माझो दादा थंय खोली बघतलो."

दहा वर्षं मुंबईत काढून, परत तिथे पाऊल टाकायचं नाही म्हणून जितेंद्र गावी आला होता.

शेजारचे गणपतकाका रोज सकाळी करवादत. नारळ काढणारे म्हातारे झाले, त्यांची मुलं गोव्याच्या हॉटेलांत. "उद्या येतंय" म्हणून गेलेला माणूस महिनाभर तोंड दाखवत नाही, आणि इकडे नारळांचा अख्खा घड पडून स्वयंपाकघराची कौलं फुटली. जितेंद्र हळहळायचा आणि नवा धंदा शोधायला देवगड गाठायचा. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

"रोज काकांचा आयकतास," एक दिवस रसिका म्हणाली. "मगे लोकांका काय व्हया ता देवगडात कित्याक शोधतास?"

त्याने माडावर चढायचं यंत्र आणलं. पेढे नाहीत, उद्घाटन नाही. पहिल्याच माडावर तो अर्ध्यातच अडकला, खाली यायचाही धीर होईना. त्याहून झोंबलं ते टपरीवरचं बोलणं, "बारावी शिकान झाडार?" चार दिवस त्याने टपरीचा रस्ताच सोडला.

पण माड सोडले नाहीत. सांगितलेल्या वारी तो दारात हजर असायचा आणि वरची झावळं साफ करूनच उतरायचा. खरं सांगायचं तर यंत्राने नव्हे, धंदा ह्यानेच तरला, कारण आमच्याकडे "उद्या" म्हणजे कधी ते देवालाच ठाऊक.

मे उजाडला. त्याची आते हौसाबाई अंगणात आली.

"जितू, माझे नारळ वर सुकान जातत रे. उद्या येशीत?"

"उद्या नाय जमाचा गो आते. बुधवारी येतंय."

"इतको मोठो झालंस रे मेल्या?" म्हणत ती हसत गेली.

गिऱ्हाइकाला थांब म्हणायची वेळ त्याच्यावर जन्मात पहिल्यांदाच आली होती. त्याचे डोळे भरून आले. घरातून रसिकाचा फोनवरचा आवाज आला, "दादा, ती खोली रवांदे. आमी हयच रवतलो."