बर्फाची दुसरी लादी

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे ठोकळे ठोकणं. आरामशीनचा भुसा उकडून थैल्यांत भरला होता, त्यात लेकीनं नागपूरहून आणलेलं शिटाके मशरूमचं बी. जपानी सात्या म्हणा. आपल्या जंगलातल्या सात्या पावसात आपोआप निघतात. यांचे नखरे भारी. चार महिने अंधारात ठेवा, थैली फाडा, आत जमलेला भुशाचा ठोकळा ठोका, मग रातभर थंडगार पाण्यात बुडवा, तवा कुठं फुटतात. सकाळी पाण्यातून काढले नाहीत तर आतून सडतात.

ती लाटण्यानं हळूच ठोकत होती.

"पोराले थोपटून राहिली का वं? दे दणका."

"तुमचा हात बसला आहे जी. माह्या पाठीवर शिकले ना." आणि हसली.

खरंच होतं. तरुणपणी दारू पिऊन मी तिले मारलं आहे. एकदा दात पाडला. लपवून काय फायदा. पण ती हसून बोलली म्हणून जास्त झोंबलं.

शेवटचा ठोकळा टाक्यात टाकला. बोरचं पाणी हिवाळ्यात कोमट निघते. बर्फाची एक लादी कधीच विरघळली होती. दुसरी आणायले मीच जाणार होतो. पण तिच्यावर ओरडलो, "जा, तूच आण."

बर्फवाला हायवेच्या पलीकडे. येताना लाखनीकडून येणाऱ्या ट्रकनं तिले उडवलं. मी धावत पोचलो तवा लुगडं चाकात गुंडाळलेलं, डोकं फुटलेलं, बर्फाचे तुकडे तिच्या रक्तात लाल होऊन पडलेले. ड्रायव्हरले मी खाली ओढला, दगडानं हाणला. लोकांनी सोडवला नसता तर तोही मेला असता. चूक त्याची नव्हती म्हणतात. नसंल. धाडलं मी होतं.

तिले रातभर सरकारी दवाखान्यात ठेवलं, चिरफाडीसाठी.

सकाळी आंगणात माणसं जमली. लहान भाऊ टाक्यापाशी गेला. "याच्याच पायी वहिनी गेली. उकिरड्यावर फेकतो," म्हणे, आणि एक ठोकळा काढून भिंतीवर आपटला. भुसा उडाला. मी उठलो आणि त्याच्या तोंडावर बुक्की मारली. ओठ फाटला, सदऱ्यावर रक्त.

"दादा, मातीच्या दिवशी भावाले मारतं?" तो रडत बोलला.

"तिचे आहेत ते. आणखी एकाले हात लावला तर हात तोडीन."

कोणी पुढं आलं नाही. मी टाक्यात हात घातले. रातच्या गारठ्यानं पाणी असं झालं होतं की बोटं मेली. एकेक ठोकळा काढून मांडणीवर ठेवत गेलो. बाहेर दवाखान्याची गाडी थांबली, बायांनी आक्रोश केला. लेक दारात आली. "बाबा, मायले आणलं. चला."

मी गेलो नाही. दोन ठोकळे अजून पाण्यात होते. ते काढले, लुंगीले हात पुसले, मग गेलो.