राईस मिलच्या मागून औलीला

आमच्या स्टाफरूममध्ये किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ते खडूच्या तुकड्यांसारखे आपोआप साठतात आणि कपाट उघडलं की अंगावर येतात. दर वर्षी विषय नवा. गेल्या हिवाळ्यात विषय होता स्कीइंगचं सामान. हो, गोंदियात! जिथे तुम्ही बर्फ म्हणालात की समोरचा विचारतो, "गोळ्याचा का लग्नातल्या पाण्याचा?"

मी ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. हिमनदी, हिमरेषा, हिमवृष्टी सगळं फळ्यावर काढते आणि डस्टरने पुसते. पण खऱ्या बर्फाचं वेड घेतलं आमच्या पी.टी.च्या रेखा बिसेन मॅडमने. माहेर नागऱ्याकडचं, सासर गोंदियालगतच्या कुडव्याचं, गळ्यात शिट्टी आणि आवाज शिट्टीच्या वरचा. तिने उत्तराखंडातल्या औलीच्या स्कीइंग कोर्सला गुपचूप अर्ज केला, आणि नंबर लागला ना! कोर्सला वयाची अट होती. पुढच्या वर्षी ती त्या अटीत बसत नव्हती. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

त्यात कोर्सवाल्यांनी फोनवर बजावलं, "स्की हम देंगे. वॉटरप्रूफ पँट, ग्लव्हज, गॉगल अपना लाना. पहले दिन चेकिंग होगी. सामान ठीक नहीं, तो गेट से वापस."

मी म्हटलं, "काऊन वं रेखा, या वयात हातपाय मोडून घ्याचे आहेत का?"

"लहानपणापासून टीव्हीत पाहून राहिली मी," ती म्हणाली. "एकदा मले त्याच्यावरून घसराचं आहे, बस. पडली तं पडली!"

म्हणताना डोळ्यांत पाणी आलं तिच्या. एरवी पोरांना ग्राउंडला फेऱ्या मारायला लावणारी बाई! मग सगळी स्टाफरूम तिच्या सामानाच्या मागे लागली.

*

स्टाफरूममध्ये लगेच दोन पक्ष झाले. गणिताचे कटरे सर ऑनलाईनवाले. हा माणूस मिठाची पुडीसुद्धा रिव्ह्यू वाचून घेतो. मीही त्यांच्याच पक्षात, कारण मला दुकानदाराशी घासाघीस करायचा भारी कंटाळा. बिसेन मॅडम मात्र बाजाराची. हात लावल्याशिवाय ती वांगंसुद्धा घेत नाही.

म्हणून पहिली चक्कर जीवनभाईंच्या दुकानात. रेनकोट, ब्लँकेटं, दप्तरं, कॅरम, धान झाकायच्या ताडपत्र्या, सगळं एका छताखाली. जीवनभाईंचे नियम दोन. एक, गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही. दोन, मापाशिवाय कपडा द्यायचा नाही. पोराचा रेनकोट आणायला एकट्या गेलात तर सरळ परत पाठवतात, "बच्चे को लाओ, नाप लगेगा."

"जीवनभाई, स्कीइंगचं सामान आहे का?"

"है ना! बैठो."

चहा सांगितला. चहा आला, पिऊन झाला, कॉलेजचं झालं, पोराबाळांचं झालं. मग जीवनभाई जरा पुढे झुकले आणि हळूच म्हणाले, "वैसे मॅडम, इस सामान का करते क्या हैं?"

मॅडमने उभं राहून, गुडघे वाकवून, दोन छत्र्या हातात धरून दाखवलं. जीवनभाई स्टुलावर चढले आणि वरच्या खणातून एक गॉगल काढून फुंकर मारून समोर ठेवला.

"अहो, हा तर पोहायचा आहे!"

"तो? बर्फ क्या है मॅडम? पानी ही तो है!"

*

कटरे सर हसून हसून बेजार झाले. "मी मागवतो," म्हणाले, आणि ग्लव्हज मागवले. रिव्ह्यू सगळे एकाहून एक. ग्लव्हज आलेही वेळेवर. काळे, जाडजूड, मनगटाला पट्टा.

पण वॉटरप्रूफ आहेत हे कसं कळणार? मॅडम म्हणाली, "चला बर्फाच्या कारखान्यात."

कारखान्यात गेलो, मॅडमने ग्लव्हज चढवले आणि बर्फाची अख्खी लादी छातीशी धरून उभी राहिली. कटरे सर मोबाईलवर वेळ पाहून राहिले. लग्नाच्या ऑर्डरी घेऊन आलेली माणसं रांग सोडून बघायला आली. मालकाने बराच वेळ कळ काढली. शेवटी त्याला राहवलं नाही.

"मॅडम, लादी घेणार आहात का नुसती कडेवर घ्यायला आल्या?"

ग्लव्हजमधून पाणी आत शिरलं होतं. बोटं पार सुरकुतली. कटरे सरांनी तिथेच उभं राहून खराब रिव्ह्यू टाकायला घेतला आणि मॅडमला बोटं हलवता येईनात म्हणून मला तिचा पदर सावरावा लागला. खरं सांगायचं तर दुसरी जोडी त्यांनी मागवली ती झकास निघाली. तेवढं श्रेय ऑनलाईनला दिलंच पाहिजे, नाही तर कटरे सर माझ्याशी बोलणार नाहीत.

*

खरा घोळ झाला पँटचा.

पँटही ऑनलाईनच मागवली. पत्ता मॅडमने स्वतः मोबाईलवर टाकला. आमच्याकडे पत्ता म्हणजे घर नंबर, गल्ली वगैरे कोणी सांगत नाही. 'राईस मिलच्या मागे' म्हणायचं, की झालं! तिनेही तेच टाकलं आणि 'कुडवा' टाकायला विसरली. आता गोंदियात कोणाचं घर राईस मिलच्या मागे नाही, सांगा! ज्याचं मागे नाही त्याचं बाजूला आहे.

मोबाईलवर दिसलं, 'डिलिव्हर्ड'. घरी पार्सल नाही. डिलिव्हरीवाल्याला फोन केला.

"दे दिया ना मॅडम, राईस मिल के पीछे."

"कौनसी राईस मिल?"

"ये तो आपको मालूम होना चाहिए!"

मग काय, रविवारी मॅडमची स्कूटी, मागे मी आणि गोंदियातल्या गिरण्या. प्रत्येक ठिकाणी तेच विचारायचं, "आमची पँट आली का जी इथे?" लोक आधी आमच्याकडे बघायचे, मग एकमेकांकडे. एका मुनीमजींनी तर पाण्याचा ग्लास पुढे करून विचारलं, "घरी सब ठीक आहे ना, मॅडम?"

शेवटी गावाबाहेरच्या एका मिलच्या मागे शेकोटीजवळ चौकीदार बसलेला दिसला. म्हातारा माणूस, डोक्याला मफलर आणि पायात चकचकीत काळी स्की-पँट!

"ओ बाबा! ही पँट माझी आहे!" मॅडम ओरडली.

बाबा शांतपणे उठला. म्हणाला, "पार्सल पे लिखा था, राईस मिल के पीछे. पीछे तो मैं ही रहता हूँ!"

त्याने बिचाऱ्याने आत जाऊन पँट बदलली, घडी घालून दिली. "बहुत गरम है मॅडम, अच्छी चीज ली," असं सर्टिफिकेटही दिलं. पण शेकोटीच्या ठिणग्यांनी गुडघ्यावर भोकं पडलेली. बोट आरपार जात होतं. नवीन मागवली असती तर मॅडमची गाडी निघून गेल्यावर आली असती.

परत येताना कुडव्याच्या वळणावर मॅडमने स्कूटी थांबवली आणि म्हणाली, "जाऊ दे वं. माझ्या नशिबात गोळ्याचाच बर्फ आहे." मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! मी म्हटलं, "गप बैस. चल जीवनभाईकडे."

*

जीवनभाईंनी भोकं पाहिली. पँट उलटी केली, सुलटी केली, ताणली. "ये तो गयी. नयी सिलवायेंगे." मग माळ्यावरून एक मोठी गुंडाळी खाली ढकलली. पिवळीधम्मक ताडपत्री!

"खळ्यावर धान के ऊपर डालते हैं," ते म्हणाले. "पूरी रात पानी गिरे, एक दाना नहीं भीगता. आपको तो कुछ नहीं होगा."

दुकानाच्या पायरीवर वामनराव टेलर बसतात. ते हात जोडून म्हणाले, "जीवनभाई, पँट शिवतो मी, तंबू नाही शिवत!" पण जीवनभाईंनी स्वतः टेप काढला, मॅडमच्या ट्रॅक-पँटवरून मापं घेतली, बसायला लावून घेतली, वाकायला लावून घेतली. आतून ब्लँकेटचं अस्तर. शिवणींवर चिकटपट्टी. वामनरावांच्या मशीनच्या सुया मोडत होत्या आणि प्रत्येक सुईला ते जीवनभाईंच्या नावाने काही तरी पुटपुटत होते.

मॅडमने घरी नेऊन घालून पाहिली. खोलीत चार पावलं चालली. खर्रर्र, खर्रर्र! बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "रेखा, पाणी आला का वं? पापड आत घे!"

*

राहिला गॉगल. जीवनभाई रोज म्हणायचे, "कल आ जायेगा. नागपुर से बोला है." ऑनलाईनवाल्यांना मनसोक्त शिव्याही द्यायचे. "मोबाईल में देख के माल लेते हैं! कल बहू भी मोबाईल में देख के लायेंगे!" मॅडम मान डोलवायची आणि कटरे सर दात-ओठ खायचे.

गाडीच्या आदल्या दिवशी आम्ही तिघंही दुकानात. जीवनभाई ऑनलाईनच्या नावाने सुरू झालेलेच, तेवढ्यात दारात गाडी थांबली. पाठीवर मोठी बॅग अडकवलेला डिलिव्हरीवाला आत आला.

"जीवनभाई कौन? ऑनलाईन का पार्सल है. स्की गॉगल."

कटरे सर खुर्चीतून उठलेच! "अरे वा! नागपूरहून आला वाटते!"

जीवनभाईंनी शांतपणे सही केली, कात्रीने डबा फोडला, गॉगल फडक्याने पुसून शोकेसमध्ये ठेवला. काच बंद केली. मग परत उघडली, गॉगल काढला आणि मॅडमच्या हातात दिला.

"लो. दुकान से ही दिया ना?"

*

पँटची ट्रायल घेणं भाग होतं. बर्फ नाही, पण आमच्याकडे भुसा आहे! त्याच मिलच्या मागे धानाच्या भुशाचा डोंगर. चौकीदारबाबाने, पँट घातल्याच्या शरमेने म्हणा, फाटक उघडून दिलं.

आधी कटरे सरांनी व्हिडिओत पाहिलेलं शास्त्र सांगितलं. गुडघे वाकवा, वजन पुढे, नजर समोर. "थांबा, मी दाखवतो," म्हणून ते वर चढायला गेले आणि तिसऱ्या पावलाला कमरेपर्यंत आत! मी आणि बाबांनी मिळून त्यांना उपटून काढलं. सर बाहेर आले, एक बूट आतच राहिला. पुढे आठवडाभर ते वर्गात फळ्याला पाठ घासून शिकवत होते.

मॅडम मात्र हुशार. ती कडेच्या पायवाटेने वर गेली, ताडपत्रीच्या पँटसकट भुशावर बसली आणि सर्रर्रकन खाली आली. उठली, पुन्हा वर. पुन्हा खाली. भुसा केसांत, कानांत, तोंडात. हसत होती नुसती.

"लांजेवार," तोंडातला भुसा थुंकत ती मला म्हणाली, "चेकिंगमधे पास होईल ना वं ही?"

मी म्हटलं, "होईल ना!" मला काय माहीत होतं? मी भूगोलाची.

*

कोर्सच्या पहिल्या दिवशी दुपारच्या सुट्टीत आम्ही जीवनभाईंच्या दुकानात जमलो. चेकिंग झालं की व्हिडिओ कॉल करते म्हणाली होती. कटरे सर होते, वामनराव मशीन थांबवून आत आले होते. जीवनभाईंनी चहा सांगितला नाही, यावरून काय ते समजा. इतक्या लांब गेलेली बाई आमच्या ताडपत्रीपायी गेटवरून परत आली असती, तर तिला तोंड कसं दाखवणार होतो आम्ही?

फोन वाजला. मी घाईने उचलला. स्क्रीन पांढरीफट्ट.

"नेटवर्क गेलं वाटते," कटरे सर म्हणाले.

"गेलं नाही जी सर, बर्फ आहे!" आतून मॅडमचा आवाज आला.

मग तिचा चेहरा दिसला. नाक लाल, डोळे भरलेले, आणि तोंडभर हसू. "पाहा वं लांजेवार, पाहा! माय वं, किती आहे!" तिने फोन गोल फिरवला. इतकी वर्षं फळ्यावर काढलेला बर्फ मी पहिल्यांदा कोणाच्या तरी पायाखाली पाहिला. मला हुंदकाच आला.

"चेकिंग?" जीवनभाईंनी विचारलं.

"अजून व्हायचं आहे. आले, आले सर!"

फोन कोणाच्या तरी हातात गेला. उंच, काळा चष्मा लावलेले इन्स्ट्रक्टर दिसले. बाकी सगळ्यांच्या झकपक पँटी आणि मधोमध आमची पिवळीधम्मक. त्यांनी ती खालपासून वरपर्यंत पाहिली. शिवण ओढली. बाटली उघडून गुडघ्यावर पाणी ओतलं. मग म्हणाले, "बैठो बर्फ में."

मॅडम बसली. आणि निघाली!

"मॅडम! रुको! मॅडम!" तिकडे एकच आरडाओरडा. स्क्रीनवर पिवळा ठिपका लहान लहान होत उतारावरून चाललेला आणि लांबून तिची आरोळी, "थांबत काऊन नाही वं हे?" शेवटी खाली कुठेतरी तो ठिपका थांबला. माणसं धावली, तिला उठवून वर आणलं, पँट पुन्हा तपासली. आम्हाला दिसत काहीच नव्हतं, नुसते बूट आणि बर्फ.

मग स्क्रीनवर इन्स्ट्रक्टरचा चेहरा आला. चष्मा काढलेला, कपाळावर आठी.

"ये पँट किसने बनायी?"

जीवनभाईंनी वामनरावांचा दंड धरून त्यांना फोनसमोर ढकललं.

"इन्होंने, साब. मैं तो पहले से मना कर रहा था."

"अंदर एक बूंद नहीं गयी," इन्स्ट्रक्टर म्हणाले. "मॅडम पास हैं. हमको अपने लडकों के लिए चाहिए. ऑनलाईन मिलेगी?"

जीवनभाईंनी वामनरावांना कॉलर धरून मागे ओढलं, टेप गळ्यात अडकवला आणि फोनसमोर ताठ उभे राहिले.

"ऑनलाईन नहीं मिलेगी, साब. लडकों को ले के गोंदिया आ जाओ. नाप लगेगा!"